सल्ला हवा: पक्षाघातानंतर पेन धरायला आधार, नागपुरात कोण बनवून देईल?

धरमपेठकर: बाबांचा उजवा हात बराच सुधारलाय. चमचा धरतात, पण पेन दोन अक्षरांत मागे सरकतं नि अंगठ्याच्या बेचक्यात आडवं पडतं. पेन्शनच्या कागदावर अंगठा चालतो, पण त्यांना सहीच करायचीय. दुकानातल्या रबरी ग्रिप पोरांच्या मापाच्या. काय करावं?

ओटीताई: दादा, आकार ठरवायच्या आधी हात बघा. पकड ढिली असेल तर जाडी वाढवायची. बोटं आखडत असतील तर नुसत्या जाडीनं भागत नाही. तुमच्याकडे पेन मागे जातंय, म्हणजे बेचक्यात टेकण हवं. आधी फुकटचा प्रयोग करा: पेन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीतून घाला, अंगठा नुसता टेकवा. सोबत जेल पेन द्या, बॉलपेनइतकं दाबावं लागत नाही. नाहीच जमलं तर मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार) विभागात दाखवा. स्प्लिंटचं, म्हणजे हाताला बसवायच्या आधाराचं, प्लास्टिक ६५-७० अंशांच्या पाण्यात मऊ होतं, मग हातावरच बसवून आकार देतात.

जुगाडूभाऊ: एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ना, तो काळा फोमचा पाइप! पाव इंची नळीचा घ्या, बोटभर तुकडा कापा, टाल्कम पावडर लावून पेनवर सरकवा. माझ्या आईची संधिवाताची बोटं त्यावरच चालतात.

टीपीयूवाला: थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए हे नेहमीचं कडक प्लास्टिक नको. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत काय होतं ते सांगायला नको, बाप्पा! टीपीयू घ्या, ते रबरासारखं लवचिक प्लास्टिक असतं. भोकाला उभी चीर ठेवा, म्हणजे कोणतंही पेन बसतं.

धरमपेठकर: फटीतून घालायचा प्रयोग केला, पेन टिकलं! पण सही खूप हलते. टेकण बनवूनच घेतो. फक्त त्या बोटांना थोडा बधिरपणा आहे, चालेल?

ओटीताई: चालेल, पण जपून. टोचलं तरी त्यांना कळणार नाही, म्हणून तुम्ही बघायचं. सुरुवातीला थोडाच वेळ घालून काढा. लाल वळ २० मिनिटांत गेला नाही तर ती कड दाबतेय, बाहेर वळवून घ्या. आणि सही बसली की बँकेत नमुना सही नव्यानं द्या. जुनीशी जुळणार नाही, मग चेक परत येतो.