सतत प्रसन्न राहायच्या साधनेत मन बोथट का होतं?

मुमुक्षू:
राग, मत्सर, दुःख वर आलं की लगेच नाम घ्यायचं किंवा आनंदी विचार आणायचा, असं बरेच साधक करतात. सुरुवातीला बरं वाटतं. पुढे आनंदही फिका पडतो आणि क्षुल्लक कारणावरून भडका उडतो. असं का? आणि समत्व (भावना असतानाही मनाचा तोल राहणं) कोणतं, दाबणं कोणतं, हे आसनावर बसल्या बसल्या कळतं का?

अनवट:
कळतं. जबडा बघा. दाबताना दातावर दात बसलेले असतात, श्वास छातीतच अडकतो, चेहरा मात्र शांत. समत्वात राग असतो, पण श्वास पोटापर्यंत जातो.

भडक्याचं म्हणाल तर मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांचा १९८७चा प्रयोग बघा. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटल्यावर तोच पुन्हा पुन्हा आला, आणि बंदी उठल्यावर तर आणखी उसळला. गीतेतला स्थितप्रज्ञ (२.५६) दुःखात अनुद्विग्न (न डगमगणारा) आहे तसाच सुखात विगतस्पृह (सुखाची हाव नसलेला) आहे. हे दुसरं लोक सोडून देतात.

साक्षी:
दहा मिनिटांची बैठक पुरे. आधी दोन-तीन मिनिटं श्वास. भावना आली की तिला एकच शब्द द्या: 'राग'. 'अमक्याने अपमान केला म्हणून राग' ही कैफियत झाली, मन तिथेच वाहवतं. मग शरीरात बघा: घशात गोळा आहे की तळहात गरम झालेत, जागा सरकते का. पाच-सहा श्वास तिथे थांबून परत श्वासावर या. 'आता ही जायलाच हवी' अशी अट घातलीत तर तेही दाबणंच. छाती धडधडू लागली किंवा जुना आघात डोळ्यांसमोर आला तर डोळे उघडा, पावलं जमिनीला टेकवा आणि त्या दिवशी तिथेच थांबा.

मुमुक्षू:
पण पतंजलींनी योगसूत्रांत प्रतिपक्षभावन, म्हणजे नकोशा विचारासमोर उलटा विचार आणणं, सांगितलंय ना?

अनवट:
ते सूत्र (२.३३) वितर्कांसाठी आहे: हिंसा करावी, खोटं बोलावं असं वाटतं तेव्हा. वियोगाचं दुःख हा वितर्क नव्हे, तिथे रडू येऊ द्यावं. रागातही दोन गोष्टी असतात. अन्याय झाला ही खबर, आणि सूड घ्यावा ही ऊर्मी. प्रतिपक्षभावन ऊर्मीपुरतं, खबर नीट ऐकायची, गरज पडली तर समोरच्याला स्पष्ट सांगायचं.

साक्षी:
एक राहिलं. दोन आठवडे झोप-भूक बिघडलीय, कशातच रस नाही, असं असेल तर बैठक वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा.