एक स्कॅनर झोपतो म्हणून सगळंच यूएसबी पॉवर सेव्हिंग बंद करायचं का?

मल्हारगंजचा भाचा:
मामांचं किराणा दुकान आहे इथे इंदूरला, काउंटरवर जुना लॅपटॉप, त्यात लिनक्स. पंधरा दिवस झाले, एक गिऱ्हाईक जाऊन दुसरं आलं की पहिला स्कॅन अर्धवट येतो, ८९० पासून सुरू होणारा १३ आकडी बारकोड आणि त्याचे सुरुवातीचेच दोनतीन आकडे गायब, बिलात येतं वस्तू सापडली नाही. पाठोपाठ स्कॅन केले की सगळं बरोबर! मामांनी वायर बदलली, मग स्कॅनरच नवा आणला, पैसे गेले, त्रास तसाच. मी बसलो तेव्हा कळलं की बॅटरी वाचावी म्हणून कोणीतरी पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रामचं ऑटोट्यून स्टार्टअपला लावलंय. ते प्रत्येक यूएसबी डिव्हाइसचं पॉवर कंट्रोल 'ऑन'चं 'ऑटो' करतं आणि मग २ सेकंद काही हललं नाही की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला सस्पेंड करतो, झोपवतो. दुरुस्तीवाला म्हणतो कर्नलच्या बूट लाइनमध्ये यूएसबीकोर.ऑटोसस्पेंड=-१ टाका, कुठलंच यूएसबी डिव्हाइस आपोआप झोपणार नाही, विषय संपला. मला नाही पटत. झोप एका स्कॅनरला मानवत नाही तर त्या एकाला यूडेव्हचा, म्हणजे डिव्हाइस जोडलं की लागू होणारा, नियम लिहून जागं ठेवा ना, बाकीच्यांनी काय केलंय?

राजवाडा काउंटरवाला:
भाऊ, तुझा दुरुस्तीवाला बरोबर आहे. मी तीन दुकानांत हेच केलंय. तू नियम लिहिशील व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडीवर, म्हणजे कंपनी आणि मॉडेलच्या नंबरवर, मामा सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीचा स्कॅनर आणतील, आयडी बदलला की नियम गेला कामातून, आणि तू तेव्हा पुण्याला नोकरीवर. समोर दहा माणसं उभी असताना मामा कोणाला फोन करणार? यूएसबी २.० चं डिव्हाइस जास्तीत जास्त ५०० मिलीअँपिअर घेतं, म्हणजे अडीच वॅट, स्कॅनर तर त्याहून कमीच, त्यासाठी एवढा जीव का काढायचा. फक्त ते -१ ग्रबमध्येच, म्हणजे बूट लोडरच्या सेटिंगमध्येच टाक, कारण लिनक्सच्या बहुतेक डिस्ट्रोंमध्ये यूएसबीकोर, म्हणजे यूएसबी सांभाळणारा भाग, कर्नलमध्येच बांधलेला असतो, वेगळ्या मॉड्यूलांसाठी असलेल्या मॉडप्रोबच्या फाइलीत लिहून काही होत नाही, मी स्वतः त्यात एक आख्खी दुपार घालवलीये.

सुदामानगरची ताई:
हिशोब नुसत्या स्कॅनरच्या करंटचा नाहीये हो. एक जरी यूएसबी डिव्हाइस जागं राहिलं तर ते ज्याला जोडलंय तो हब जागा, मग यूएसबीचा कंट्रोलर जागा, आणि तो जागा असला की बऱ्याच लॅपटॉपात प्रोसेसर खोल झोपेत जातच नाही. बॅटरी तिथे जाते. आतला वेबकॅम, ब्लूटूथ हे पण यूएसबीवरच असतात, त्यांना सरसकट जागं ठेवायचं कारण काय.

राजवाडा काउंटरवाला:
ताई मग स्कॅनर एकटा 'ऑन' ठेवला तरी कंट्रोलर जागाच राहणार ना? तुमच्याच म्हणण्याप्रमाणे वाचलं काय?

मल्हारगंजचा भाचा:
मुद्दा खरा आहे, दुकानात काही वाचत नाही, मान्य. पण रात्री मामा लॅपटॉप घरी नेतात हिशोबाला, स्कॅनर दुकानातच राहतो, तेव्हा स्कॅनरचा नियम आड येत नाही, बाकी सगळं झोपू शकतं. उणे एक टाकलं तर घरी पण सगळं जागंच. आणि लाइट गेली की त्याच बॅटरीवर बिलं निघतात, ती आधीच म्हातारी झालीये.

भंवरकुआ लायब्ररी:
तुम्ही दोघं औषधावर भांडताय, दुखणं कुठून आलं ते बघा. कर्नल स्वतः हब सोडून बाकी डिव्हाइसना 'ऑन'च ठेवतो, कारण झोपेतून नीट न उठणारी डिव्हाइस बाजारात खूप आहेत हे त्यांना माहितीये. इथे 'ऑटो' केलं ऑटोट्यूनने. ती सर्व्हिसच काढा, ना नियम लागेल ना बूट लाइन. बॅटरी वाचवायचीच असेल तर टीएलपी हा दुसरा वीज वाचवणारा प्रोग्राम लावा, तो कीबोर्ड माउस आपणहून वगळतो, आणि हा स्कॅनर कीबोर्ड म्हणूनच आकडे टाइप करत असेल तर तोही वगळला जाईल, उद्या कंपनी बदलली तरी. आधी एवढं करा, त्या स्कॅनरच्या पॉवर कंट्रोलमध्ये हाताने 'ऑन' लिहा आणि दिवसभर दुकान चालवा. तरी आकडे गळले, डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, -७१ चे (यूएसबी संवाद बिघडल्याचे) एरर किंवा ओव्हर करंट दिसलं, तर वायर नाहीतर हब बघा. आमच्याकडे हबच निघाला होता, आणि आम्ही महिनाभर कर्नलला दोष देत होतो.

मल्हारगंजचा भाचा:
हे पटलं. मी नियम लिहायच्या घाईत ऑटोट्यून तसंच ठेवणार होतो, ती माझी चूक. 'ऑन' लिहून आज दुपारभर चालवलं, एकही आकडा गळला नाही, पण स्कॅनर काढून परत लावला की ते पुसलं जातं. रात्री दुकान बंद झालं की सर्व्हिस काढून टीएलपी टाकतो.

राजवाडा काउंटरवाला:
टाक. पण ग्रबची ती ओळ कागदावर लिहून गल्ल्यात ठेव, शनिवारी संध्याकाळी गर्दीत परत अडकलं तर मामांनी टीएलपी उघडून बसायचं का?