मदत हवी आहे: सुनेच्या डाइंगचं जॉबवर्क एएस १८ (संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार ताळेबंदात उघड करण्याचं लेखामानक) च्या टिपेत घ्यायचं का?

सोलापूर एमआयडीसीतली टेरी टॉवेलची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, वर्ष २०२४-२५, उलाढाल ६ कोटी. संचालकाच्या सुनेच्या मालकीच्या डाइंग युनिटला सूत रंगवण्याचे ३८ लाख दिले.

कंपनी कायद्याच्या 'नातेवाईक' व्याख्येत सून येते, म्हणून कलम १८८ (संबंधित पक्षांशी व्यवहार) लागू. उलाढालीच्या १० टक्क्यांच्या आत असल्याने सभासदांचा ठराव नको. पण एएस १८ च्या यादीत मुलगा आहे, सून नाही. प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम २(४१) मधल्या व्याख्येतही नाही. एकच व्यवहार, नातेवाइकाच्या तीन व्याख्या!

गुंता असा, की युनिटचे दर आणि बँकेचे चेक संचालकाचा मुलगाच बघतो. मग त्याचा युनिटवर 'लक्षणीय प्रभाव' धरून युनिटचं नाव, नातं, रक्कम आणि ३१ मार्चची बाकी टिपेत द्यावी ना? माझा कल देण्याकडेच आहे. तुम्ही कागदावर पुरावा काय ठेवता?

दुसरं, दर बाजारभावाचा दाखवायला त्याच महिन्यांची दोन परक्या डाइंगवाल्यांची किलोमागची बिलं पुरतात का? रंगाची छटा बदलली की दर बदलतो, त्यामुळे सरसकट तुलना फसते. गडद आणि फिक्या रंगांचे वेगळे तक्ते कोणी केलेत का?