ईपीएस-९५ पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरातच हवा असं नाही
पुष्कळ जण म्हणतात की निराधार योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये हिवाळ्यात सरपण, स्वेटर आणि दम्याच्या औषधातच संपतात. अगदी खरं आहे. आमच्या नानांना तर गिरणीतल्या नोकरीची ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन महिन्याला फक्त १,००० रुपये मिळते. किमान पेन्शनचा हा आकडा २०१४ पासून तिथेच अडकलाय, त्यात महागाई भत्ताही नाही. धुळ्यात पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा म्हातारी माणसं पहाटेपासून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून बसतात. आमच्याकडे पऱ्हाट्या शेतातून येतात म्हणून निभतं, गावात विकत घेणाऱ्यांनी काय करावं?

पण पेन्शन चालू राहावी म्हणून हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात बँकेत रांग लावावीच लागते असं जे म्हणतात, ते मात्र ईपीएस-९५ वाल्यांना लागू नाही. त्यांचा दाखला दिल्याच्या तारखेपासून वर्षभर चालतो, वर्षात कधीही देता येतो. नानांची बोटं थंडीने इतकी फुटतात की अंगठा उमटतच नाही. दोनदा हेलपाटा झाला, दोन्ही वेळा मशीनने नाकारलं, आणि पेन्शन थांबेल या धास्तीने त्यांनी रात्रीचं जेवणही टाकलं. मग मोबाईलवर जीवन प्रमाण (हयातीच्या दाखल्याचं) आणि आधार फेस आरडी (चेहऱ्यावरून ओळख पटवणारं) ही दोन सरकारी ॲप घेतली, ओसरीत उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगितलं. पाच मिनिटांत काम झालं. पुढच्या वेळी दाखला मुदत संपायच्या आधीच फेब्रुवारी-मार्चात, ऊन लागायला लागलं की काढा, म्हणजे पुढे दरवर्षी मुदत त्याच सुमारास येईल. ज्यांच्या घरात असा मोबाईल नाही त्यांनी पोस्टमनला विचारावं, तो घरी येऊनही दाखला करून देतो.