रेझिस्टन्स जुळला म्हणजे कपॅसिटन्स जुळला असं नाही
वर आरसी ब्रिजबद्दल (डायल फिरवून रेझिस्टर आणि कपॅसिटर मोजायचं उपकरण) म्हटलंय की १ टक्क्याचा एक रेझिस्टर लावून डायल जुळवला की कपॅसिटन्सची स्केल आपोआप बरोबर येते. मोठ्या कपॅसिटन्सना हे बऱ्यापैकी चालतं, पण पिकोफॅरडच्या रेंजमध्ये नाही. टर्मिनल आणि वायरींची स्वतःची कपॅसिटन्स सहज १०-१५ पिकोफॅरड असते, म्हणजे १०० पिकोफॅरड मोजताना तेवढ्याच टक्क्यांची चूक. टर्मिनल मोकळे ठेवून आधी रीडिंग घ्या आणि तेवढं वजा करा. स्टँडर्ड म्हणून, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो नक्की माहीत असलेला कपॅसिटर म्हणून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारे साधे सिरॅमिक डिस्क अजिबात घेऊ नका, तापमानाबरोबर त्यांची कपॅसिटन्स सरकते. सिल्व्हर मायका किंवा पॉलिस्टायरीन कपॅसिटर शोधा, जुन्या रेडिओच्या भंगारातही सापडतात.

डायलचा मधला १ (दोन्ही घटक सारखे असतानाचं रीडिंग) मात्र अचूक स्टँडर्डशिवायही तपासता येतो, आणि हे इथे कुणी लिहिलेलं दिसत नाही. ब्रिजला बाहेरचा स्टँडर्ड जोडायची सोय असेल तर साधारण सारखे दोन रेझिस्टर घ्या, एक स्टँडर्डच्या जागी आणि दुसरा मोजायच्या जागी लावा, नल काढा (म्हणजे ब्रिज बॅलन्स होईपर्यंत डायल फिरवा), मग त्यांची अदलाबदल करून पुन्हा नल काढा. दोन्ही रीडिंगचा गुणाकार १ यायला हवा. १.०२ आणि ०.९८ आले तर ठीक. १.०५ आणि १.०१ आले तर काटा सुमारे ३ टक्के सरकलाय, नॉब सैल करून तेवढा मागे घ्या.

हे सगळं शक्यतो पावसाळ्यानंतर करा. आपल्याकडच्या दमट हवेत टर्मिनलच्या पट्टीवर लीकेज होतं (पृष्ठभागावरून थोडा करंट वाहतो) आणि मेगाओहमच्या रेंजचं रीडिंग कमी येतं. आत्ताच करायचं असेल तर पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या.