जड सामान, रेल्वे आणि फेरीबोट: तुमचे हाल सांगा

जड बॅगा घेऊन रेल्वेने जायचं आणि पुढे फेरीबोट गाठायची, हे ज्यांनी केलंय त्यांच्यासाठी हा धागा. गुळगुळीत फरशीवर बॅग शहाण्या मुलासारखी मागे येते. छळ होतो तो मधल्या सांध्यांवर: डब्याचं दार, जिना, धक्का, बोटीचा उतार. येऊ द्या अनुभव. "सामान कमी न्यावं" हा सल्ला सगळ्यांना पाठ आहे, तो कृपया नको.

सुरुवात मी करते. गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबणार आणि एक महाशय दारातच फोनवर. बॅगेचं चाक फलाट आणि पायरीमधल्या फटीत अडकलं. तिरकी करून ओढली तर वरची कड दाराच्या दांडीला. शेवटी मागून कुणीतरी जोर लावला आणि मी बॅगेसकट आत. तळहातावरचा हँडलचा वळ संध्याकाळपर्यंत होता.

*

तरंगत्या धक्क्याचा अनुभव घ्या. ओहोटीला धक्का पाण्याबरोबर खाली जातो, पुलाचं किनाऱ्याकडचं टोक मात्र जागेवरच. जाताना भरती होती, टुकटुक चालत गेलो. येताना तोच पूल उभा चढ! पाय घसरू नये म्हणून ओल्या पत्र्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, आणि दर पट्टीला चाक अडणार. मागची रांग च्यक् च्यक् करतेय ते वेगळंच.

*

एकटीने प्रवास करताना टॉयलेटला जायचं तर सामान कुणाच्या भरवशावर? समोरच्या काकूंना "जरा बघाल का" म्हणून गेले. परत येते तर काकू त्यांच्या स्टेशनवर उतरून गेलेल्या, पण जाताना राखण एका शाळकरी मुलाकडे सोपवलेली. तो बॅगेच्या पट्ट्यावर पाय ठेवून इमानाने बसला होता. खिडकीही बघत नव्हता.

*

मोठ्या बोटीत आमची कार खालच्या वाहनांच्या डेकवर. बोट सुटली की तिथे प्रवाशांना जाऊ देत नाहीत, सुरक्षेसाठी. बाबांच्या मळमळीच्या गोळ्या आईने अगदी जपून, म्हणजे डिकीतल्या बॅगेच्या तळाशी ठेवलेल्या. ती गोळी निघायच्या आधीच घ्यायची असते, हे शेजारच्या बाईंनी नेमकं तेव्हाच सांगायचं काही कारण नव्हतं.

*

चार चाकांच्या बॅगांवर वेगळा धागा काढा. गाडीने ब्रेक मारला की निघाली डबाभर फिरायला. चाकांच्या बॅगेचं पेटंट अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना १९७२ साली मिळालं, ती पट्ट्याने ओढायची. लांब दांड्याची, दोन चाकांवर तिरकी ओढायची बॅग १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने केली. वैमानिकच तो, त्याच्या डोळ्यांसमोर विमानतळाची फरशी असणार. रेल्वेचा जिना कुठला असायला!

*

+१. पाठीवर सॅक असेल तर वळताना दोन्ही बाजूंची माफी मागत जावं लागतं.

*

मदतीला धावणारे राहिले की! एक गृहस्थ न विचारता आले, लांब दांड्याला धरून बॅग उचलली. तो दांडा ओढायला असतो हो. दांडा त्यांच्या हातात, बॅग धडधडत जिन्याखाली, आणि वर मलाच विचारतात, "एवढं भरलंय काय?"

*

पण होतं काय?

*

शिलाई मशीन. लोखंडी.