मदत हवी आहे: मोठी लेक हल्ली भांडतच नाही

मला दोन मुली. मोठी साडेचार वर्षांची, धाकटी 11 महिन्यांची. धाकटी रांगायला लागल्यापासून मोठीची एकही वस्तू जागेवर राहत नाही. काल तिने ताईचं चित्र टराटरा फाडलं. मोठी रडली नाही, चिडली नाही. तुकडे गोळा करून उशीखाली ठेवले आणि मला म्हणाली, "ती लहान आहे ना." माझंच वाक्य, दिवसातून दहादा ऐकवलेलं! पोटात तुटलं अगदी.

रात्री धाकटी झोपली की 15 मिनिटं फक्त मोठीची, असं ठरवलंय. पण तोवर तीही पेंगुळते. तुम्ही मोठीसाठी वेगळा वेळ कधी काढता? आणि तिने मनातलं बोलावं, हक्काने चिडावंसुद्धा, यासाठी काय केलंत?